जुन्या हार्ड डिस्क आणि एसएसडी विकण्यापूर्वी त्यांवरील डेटा कायमचा कसा पुसावा?

रामबागकर (धागाकर्ता)

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित अपडेट बंद केले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणतः २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे एरवी आणखी काही वर्षे सहज चालले असते असे संगणक सध्या इंदुरातल्या कार्यालयांतून आणि घरांतून बाहेर पडत आहेत. काही सिल्व्हर मॉलमधल्या दुकानांत एक्स्चेंजमध्ये जातात, काही ओळखीतल्या विद्यार्थ्याला दिले जातात आणि उरलेले कबाड्याच्या ठेल्यावर चढतात. देणारा जाताजाता विचारतो, "फॉरमॅट मारलं आहे ना?" आणि घेणारा "हो" म्हणतो. तो खोटे बोलत नसतो. फॉरमॅट खरोखरच मारलेले असते, आणि तरीही आयकर विवरणपत्रांपासून मुंजीच्या फोटोंपर्यंत सगळे डिस्कवर जागच्या जागी असते.

विंडोजच्या एनटीएफएस या फाइल प्रणालीत प्रत्येक फाइलीची नोंद मास्टर फाइल टेबल नावाच्या तक्त्यात असते. आपण फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामे करतो, तेव्हा ती नोंद आणि तिने अडवलेली जागा मोकळी समजावी, एवढीच खूण होते. मजकूर ज्या सेक्टरांत, म्हणजे डिस्कवरच्या लहान कप्प्यांत, लिहिलेला असतो, त्यांना कोणी हात लावत नाही. क्विक फॉरमॅटने नवा कोरा तक्ता तयार होतो आणि बाकीची डिस्क तशीच राहते. फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर तर तक्त्याकडे बघतच नाही. जेपेग, पीडीएफ अशा प्रत्येक प्रकारच्या फाइलीची सुरुवात ठरावीक बाइटांनी होते. त्या खुणा शोधत ते सबंध डिस्क वाचत जाते आणि सापडेल ते बाहेर काढते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, यूएसबीचा साधा कनेक्टर आणि थोडी सवड पुरते.

२००३ साली एमआयटीतल्या सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट यांनी जुन्या बाजारातून घेतलेल्या १५८ डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या १२९ चालू निघाल्या आणि नीट पुसलेल्या होत्या केवळ १२. बाकीच्यांतून क्रेडिट कार्डांचे क्रमांक, वैद्यकीय नोंदी, खासगी पत्रे असा ऐवज निघाला. अभ्यास जुना आहे आणि तेव्हापासून एक गोष्ट सुधारली आहे: विंडोज व्हिस्टापासून, क्विक फॉरमॅटची टिकखूण काढून केलेले पूर्ण फॉरमॅट त्या विभागावर सर्वत्र शून्ये लिहिते. मात्र ते फक्त त्या विभागावर लिहिते. सी ड्राइव्ह कोरा झाला तरी शेजारच्या डी ड्राइव्हमध्ये वडिलांच्या पेन्शनची कागदपत्रे तशीच असू शकतात.

तबकड्यांच्या हार्ड डिस्कसाठी मला सर्वांत खात्रीचा वाटणारा मार्ग असा आहे. चालू असलेले विंडोज स्वतःच्या पायाखालची डिस्क पुसू शकत नाही, म्हणून संगणक विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून सुरू करावा, शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडावी आणि तिथे डिस्कपार्ट हे विंडोजमधलेच डिस्क हाताळण्याचे साधन चालवावे. त्यात 'लिस्ट डिस्क' म्हटल्यावर दिसणाऱ्या यादीतून आकारावरून योग्य डिस्क निवडून 'क्लीन ऑल' ही आज्ञा द्यावी. नुसते 'क्लीन' दिले तर केवळ विभागांची माहिती उडते आणि काम दोन सेकंदांत संपते. 'ऑल' हा शब्द जोडला की पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत शून्ये लिहिली जातात. हे काम सुरू करण्यापूर्वी बाकीच्या सर्व डिस्कच्या तारा काढून ठेवाव्यात, कारण ही आज्ञा 'नक्की का?' असे विचारत नाही.

वेळेचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला सरासरी १२० एमबी लिहिणाऱ्या १ टीबीच्या डिस्कला एका फेरीसाठी, म्हणजे सबंध डिस्कवर एकदा लिहिण्यासाठी, सुमारे सव्वादोन तास लागतात. तीच डिस्क जुन्या यूएसबी २ च्या केसमध्ये घालून जोडली तर वेग ३५ एमबीच्या आसपास येतो आणि तेच काम आठ तासांवर जाते. शेवटी एचएक्सडीसारख्या मोफत हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे डिस्कवरचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, डिस्क उघडून सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी पाहावे. पुसण्यापूर्वी तिथे मोडक्यातोडक्या अक्षरांतून एखाद्या पत्राची ओळ किंवा फाइलीचे नाव डोकावते. पुसल्यावर ओळीमागून ओळ फक्त शून्यांच्या जोड्या दिसतात. हे पाहिल्याशिवाय मी कोणतीही डिस्क हाताबाहेर सोडत नाही.

एसएसडीला, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या ड्राइव्हला, यातले पुष्कळसे लागू होत नाही. त्याविषयी जाणकारांनी लिहावे.

नोंदवही

रामबागकर, उपयुक्त धागा काढलात. आमचे करसल्लागाराचे कार्यालय आहे आणि यंदा बरीच जुनी यंत्रे काढायची आहेत. दोन शंका आहेत. पहिली अशी की, अशिलांची बहुतेक कागदपत्रे, म्हणजे आयकर खात्याचे एआयएस (वार्षिक माहिती विवरण) आणि ई-आधार, ही पासवर्ड असलेल्या पीडीएफमध्येच असतात. मग ती सापडली तरी उघडणार कशी? दुसरी शंका याच्या उलट बाजूची आहे: जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. पुसण्याच्या उत्साहात त्याच गेल्या तर काय करायचे?

रामबागकर

नोंदवही, पासवर्डच्या भरवशावर राहू नये. एआयएसच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे लहान लिपीतला पॅन आणि पुढे जन्मतारीख. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष. ही रचना सर्वांना ठाऊक असते, आणि ज्या कार्यालयाच्या डिस्कवर ते पीडीएफ असतात, त्याच डिस्कवर अशिलांची नावे, पॅन आणि जन्मतारखा एका एक्सेल तक्त्यात ओळीने लावून ठेवलेल्या असतात. त्यात ब्राउझरने जपून ठेवलेले आयकर पोर्टलचे लॉगिन मिळवले की आणखी काही उरत नाही.

दुसऱ्या शंकेबाबत, क्रम महत्त्वाचा आहे. टॅलीचा डेटा फोल्डर, विवरणपत्रे आणि पोचपावत्या नव्या यंत्रावर घ्याव्यात, टॅलीत ती कंपनी खरोखर उघडून एखादी जुनी नोंद पाहावी, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि त्यानंतरच जुन्या डिस्कला हात लावावा. कॉपी झाली असे वाटणे आणि फाइल उघडणे यांत पुष्कळ अंतर असते.

कायद्याचेही सांगतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, वाजवी सुरक्षा न ठेवल्यामुळे डेटा फुटला तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. चार टेबलांच्या कार्यालयावर तेवढी वेळ येणार नाही हे उघड आहे, पण अशिलाचा डेटा ही अशिलाची वस्तू आहे, हे तत्त्व कार्यालयाच्या आकारावर अवलंबून नाही.

शून्य_एक

एसएसडीचे मी लिहितो. थोडे लांबेल.

हार्ड डिस्कवर एखाद्या सेक्टरवर नवे लिहिले की जुने जाते, कारण जागा तीच असते. एसएसडीत तसे होत नाही. फ्लॅश चिपवर लिहिणे पानापानाने होते, पण पुसणे मोठ्या ठोकळ्यानेच करता येते, आणि प्रत्येक ठोकळा ठरावीक वेळाच पुसता येतो. सर्व ठोकळे सारखे झिजावेत म्हणून ड्राइव्हमधला कंट्रोलर प्रत्येक नवे लेखन वेगळ्या जागी नेतो आणि जुन्या जागेवर 'नंतर पुसावे' अशी नोंद करतो. आपल्याला वाटते की आपण त्याच फाइलीवर शून्ये लिहिली; प्रत्यक्षात शून्ये दुसरीकडे गेलेली असतात. शिवाय ड्राइव्हमध्ये आपल्याला दिसते त्यापेक्षा जास्त फ्लॅश असते. २४० जीबी म्हणून विकल्या जाणाऱ्या ड्राइव्हमध्ये बहुधा द्विमान पद्धतीने मोजलेल्या २५६ जीबीच्या चिप असतात, आणि वरचा हिस्सा कंट्रोलर स्वतःच्या उपयोगासाठी राखतो. तिथे पडलेल्या जुन्या तुकड्यांपर्यंत 'क्लीन ऑल' पोचू शकेलच असे नाही.

२०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी एसएसडीच्या चिप थेट वाचून हे तपासले. संपूर्ण ड्राइव्हवर दोनदा लिहिले तर बहुतेक वेळा काम होते, पण नेहमी नाही. एकच फाइल निवडून पुसण्याच्या हार्ड डिस्कसाठीच्या पद्धती एसएसडीवर निरुपयोगी ठरल्या. आणि ड्राइव्हमधली अंगभूत पुसण्याची आज्ञा परिणामकारक असली तरी काही उत्पादकांनी ती चुकीची बसवली होती, असे त्यांना आढळले. एका ड्राइव्हने काम फत्ते झाल्याचे कळवले आणि डेटा शाबूत होता. म्हणून अंगभूत आज्ञा वापरावी, पण तपासणी सोडू नये.

एसएसडी जोडणीनुसार मुख्यतः साटा आणि एनव्हीएमई अशा दोन प्रकारच्या असतात. साटा एसएसडीसाठी ही आज्ञा म्हणजे 'सिक्युअर इरेज'. एनव्हीएमई ड्राइव्हसाठी 'फॉरमॅट' आज्ञेचे दोन सुरक्षित प्रकार आणि 'सॅनिटाइझ' असे पर्याय असतात. पैकी क्रिप्टो प्रकारात ड्राइव्ह आतल्या आत डेटा ज्या किल्लीने कूटबद्ध करत असतो ती किल्लीच बदलतो, त्यामुळे काम काही सेकंदांत होते. या आज्ञा देण्यासाठी लिनक्स यावेच असे नाही. सॅमसंगचे मॅजिशियन, क्रुशियलचे स्टोरेज एक्झिक्युटिव्ह, वेस्टर्न डिजिटलचा डॅशबोर्ड यांत त्या त्या कंपनीच्या ड्राइव्हसाठी ही सोय असते, आणि व्यावसायिक वर्गातल्या पुष्कळ लॅपटॉपच्या बायोसमध्येच, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रणालीतच, ती दिलेली असते. मी बायोसमधली सोय आधी पाहतो, कारण तिथे चुकीची डिस्क निवडण्याची शक्यता सर्वांत कमी असते.

राहिला ट्रिमचा प्रश्न. विंडोज ७ पासून, एसएसडीवरची फाइल डिलीट केली किंवा क्विक फॉरमॅट केले की विंडोज ड्राइव्हला 'ही जागा आता नको' असे कळवते. त्यानंतर फोटोरेकला बहुधा शून्येच दिसतात. पण चिपवरचा डेटा केव्हा पुसायचा हे कंट्रोलर आपल्या सवडीने ठरवतो, आणि यूएसबी केसमधून जोडलेल्या ड्राइव्हपर्यंत ही सूचना अनेकदा पोचतच नाही. घरगुती वापराच्या लॅपटॉपला ट्रिम पुरेसे वाटले तर मी वाद घालणार नाही. कार्यालयाच्या ड्राइव्हला मात्र पुरेसे म्हणणार नाही.

छत्रीबाग

एका फेरीत हार्ड डिस्क पुसली जाते हे मला पटत नाही. पुसण्याच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ३ फेऱ्या, ७ फेऱ्या आणि ३५ फेऱ्या असे पर्याय असतात, ते उगाच ठेवले असतील का? चुंबकीय तबकडीवर जुन्या लेखनाचा अंश उरतो असे आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. बँकेत संगणक विभागात होतो तेव्हा सातपेक्षा कमी फेऱ्या मान्य होत नसत.

शून्य_एक

छत्रीबाग, ३५ हा आकडा पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधातला आहे. त्या काळच्या डिस्कवर एमएफएम आणि आरएलएल अशा वेगवेगळ्या पद्धतींनी बिट लिहिले जात. आपल्या हातातली डिस्क कोणत्या पद्धतीची आहे हे ठाऊक नसेल तर सगळ्याच पद्धतींचे नमुने लिहून टाकावेत, म्हणून ती यादी ३५ पर्यंत गेली. कोणत्याही एका डिस्कला सर्व ३५ फेऱ्यांची गरज तेव्हाही नव्हती, आणि हे गुटमन यांनी स्वतःच नंतर त्याच निबंधाला जोडलेल्या टिपणात स्पष्ट केले. लोक या फेऱ्यांकडे मंत्रतंत्रासारखे पाहू लागले आहेत, अशा अर्थाची त्यांची तक्रार त्यात आहे. तीन फेऱ्यांची प्रथा अमेरिकी संरक्षण खात्याच्या ५२२०.२२-एम या जुन्या नियमपुस्तिकेच्या नावाने चालते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने मात्र ८००-८८ या मार्गदर्शिकेच्या २००६ च्या आवृत्तीतच, २००१ नंतर बनलेल्या आणि १५ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कसाठी एक फेरी पुरते असे म्हटले आहे.

रामबागकरांच्या हिशेबाने पाहिले तर १ टीबीच्या डिस्कला ३५ फेऱ्या म्हणजे तीन दिवसांहून अधिक अखंड लेखन. माझ्या पाहण्यात याचा परिणाम उलटाच होतो: पाच डिस्क पुसायच्या असतात, पहिलीलाच इतका वेळ लागतो की कंटाळून उरलेल्या चार 'नुसत्या फॉरमॅट' करून दिल्या जातात.

छत्रीबाग

गुटमन यांचे टिपण मला ठाऊक नव्हते, ते वाचेन. पण एक मुद्दा राहतोच. खराब झालेले सेक्टर डिस्क स्वतःच बाजूला काढते आणि राखीव जागेतले सेक्टर त्यांच्या जागी वापरते. त्या बाजूला काढलेल्या सेक्टरांवर तुमची एक फेरी काय, ३५ काय, पोचणारच नाही.

शून्य_एक

हा मुद्दा बरोबर आहे आणि त्याचे उत्तर फेऱ्यांत नाही. सिक्युअर इरेज ही आज्ञा हार्ड डिस्कमध्येही असते आणि तिचा 'एन्हान्स्ड' प्रकार बाजूला काढलेल्या सेक्टरांवरही लिहितो. डिस्क स्वतःच्या तब्येतीचा जो 'स्मार्ट' अहवाल ठेवते, त्यात रिअलोकेटेड, म्हणजे बाजूला काढलेल्या, सेक्टरांचा आकडा शून्य असेल तर हा प्रश्नच उरत नाही. आकडा मोठा असेल तर ती डिस्क तशीही विकण्याच्या लायकीची नाही, ती फोडावी.

सियागंज

जुन्या संगणकांच्या खरेदी-विक्रीत आहे, म्हणून दुकानाच्या बाजूचे सांगतो. आमच्याकडे आलेल्या यंत्राची रॅम, बॅटरी, स्क्रीन आणि डिस्कची तब्येत पाहिली जाते. डिस्क पुसण्याचे काम व्यवहारात कोणी धरलेलेच नसते, कारण त्या दोन-तीन तासांचे पैसे कोणी देत नाही. तयार विंडोजची प्रतिमा डिस्कवर उतरवली जाते आणि यंत्र पुढच्या ग्राहकाकडे जाते. ती प्रतिमा डिस्कच्या सुरुवातीची ३०-४० जीबी जागा घेते. ५०० जीबीची डिस्क असेल तर पलीकडचा सगळा भाग पहिल्या मालकाच्याच डेटाने भरलेला राहतो. यात कोणाचा वाईट हेतू असतो असे नाही, पण हेतू असणाऱ्याच्या हाती ते यंत्र पुढे कधी पडेल हे आम्हालाही सांगता येत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. एक्स्चेंजमध्ये जुन्या हार्ड डिस्कचे मोल इतके कमी धरले जाते की ती काढून घरी ठेवलीत तरी सौदा मोडत नाही. चांगल्या एसएसडीचे मात्र पैसे मिळतात, तेव्हा ती पुसून द्यावी.

खडीसाखर

चर्चा वाचून घाबरायला झाले आहे. माझ्याकडे विंडोज ११ असलेला लॅपटॉप आहे, तो भाच्याला द्यायचा आहे. पेन ड्राइव्हवरून सुरू करणे वगैरे मला जमणार नाही. लॅपटॉपमध्येच काही सोय आहे का, की जी पुरेशी म्हणता येईल?

रामबागकर

खडीसाखर ताई, घाबरण्यासारखे काही नाही आणि सोय आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग रिकव्हरी, मग 'रीसेट धिस पीसी' असे जाऊन 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडावे. त्यानंतर येणाऱ्या पानावर 'चेंज सेटिंग्ज' अशी बारीक अक्षरांतली ओळ असते. तिच्याकडे दुर्लक्ष होते आणि सगळा फरक तिथेच पडतो. ती उघडून 'क्लीन डेटा' चालू करावे आणि लॅपटॉपमध्ये एकाहून अधिक ड्राइव्ह असतील तर सर्व ड्राइव्ह पुसण्याचा पर्यायही चालू करावा. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवावा आणि मध्ये बंद करू नये.

त्याआधी आणखी एक पाहून घ्यावे. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर ड्राइव्ह पहिल्या दिवसापासूनच बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शनने कूटबद्ध असतो. सेटिंग्जमध्ये ते चालू दिसले तर आपले काम जवळजवळ झालेले आहे, कारण रीसेटमध्ये जुनी किल्ली गेली की उरलेले तुकडे कोणालाही वाचता येत नाहीत. मात्र ते बंद असेल आणि विकण्याच्या आदल्या दिवशी बिटलॉकर चालू करण्याचा विचार असेल, तर 'फक्त वापरलेली जागा' हा पर्याय घेऊ नये. त्यात मोकळ्या जागेतल्या जुन्या डिलीट केलेल्या फाइली उघड्याच राहतात. संपूर्ण ड्राइव्ह हाच पर्याय घ्यावा. शेवटी मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावरून हा लॅपटॉप आणि त्याची रिकव्हरी किल्ली काढून टाकावी.

शून्य_एक

वरच्याला पुस्ती. काही एसएसडी 'आम्ही स्वतःच कूटबद्ध करतो' असे सांगतात आणि पूर्वी बिटलॉकर त्यांच्यावर विसंबून राहत असे. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा काही ड्राइव्हमध्ये पासवर्डशिवाय डेटा उघडता येतो हे दाखवून दिले, आणि पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने सॉफ्टवेअरनेच कूटबद्ध करणे हे मूळ धोरण केले. त्यापूर्वी बसवलेल्या यंत्रांवर हे एकदा तपासावे.

जुनाट_यंत्र

बंद पडलेल्या डिस्कविषयी कोणी लिहिले नाही. 'ती चालतच नाही, मग द्यायला काय हरकत आहे', हे मी सर्वांत जास्त ऐकलेले वाक्य आहे. डिस्क चालत नाही म्हणजे बरेचदा खालची हिरवी सर्किट पट्टी जळलेली असते. त्याच मॉडेलची पट्टी मिळवून, जुन्या पट्टीवरची छोटी रॉम चिप तिच्यावर हलवली की डिस्क पुन्हा वाचता येते. डेटा परत मिळवून देणाऱ्यांचे हे नेहमीचे काम आहे. अशा डिस्कला कोणतीही आज्ञा देता येत नाही, म्हणून ती फोडणे हाच उपाय उरतो.

साडेतीन इंची डिस्क टी८ मापाच्या टॉर्क्स पेचकसाने उघडते. एखादा स्क्रू लेबलखाली लपलेला असतो. आतल्या चकचकीत तबकड्या काढून वाकवाव्यात. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कबाबत मात्र सावध राहावे: तिच्या तबकड्या बहुधा काचेच्या असतात आणि वाकवायला गेले की तडकून बारीक तुकडे उडतात. ती जाड कापडात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावूनच हातोडा मारावा. एसएसडीला ड्रिलने एक भोक पाडून समाधान मानणारेही आहेत. अडीच इंची एसएसडीचे झाकण उघडून पाहा; आतली पट्टी पुष्कळदा खोक्याच्या निम्म्याच लांबीची असते, आणि भोक रिकाम्या जागेतून आरपार जाते. प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे. चुंबकाचा एसएसडीवर काही परिणाम होत नाही, आणि घरातल्या चुंबकाने हार्ड डिस्कचेही काही बिघडत नाही.

कृष्णपुरा

सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्येही साधी हार्ड डिस्कच असते आणि डीव्हीआरच्या मेनूतले फॉरमॅट बहुधा क्विक फॉरमॅटच असते. आमच्या सोसायटीने डीव्हीआर बदलला तेव्हा जुना तंत्रज्ञाकडे तसाच निघाला होता. कोण किती वाजता घराबाहेर पडते याचे सगळे चित्रण त्यात होते. कार्यालयांतल्या मोठ्या फोटोकॉपी यंत्रांतही डिस्क असते, तिकडेही लक्ष असावे.

रामबागकर

कृष्णपुरा, डीव्हीआरचे खरेच सुचले नव्हते. ती डिस्क काढून संगणकाला जोडली की वरचीच रीत लागू होते.

फोडलेल्या आणि टाकाऊ डिस्कचे काय करायचे, हेही सांगतो. इंदुरात नगर निगमच्या कचरागाडीला ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, तेव्हा फोडलेली डिस्क कोरड्या कचऱ्यात टाकण्याचे कारण नाही. न फोडलेली डिस्क मात्र त्या कप्प्यातही टाकू नये. कार्यालयाची जास्त यंत्रे असतील तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांखाली नोंदणी झालेल्या पुनर्चक्रकाकडेच द्यावीत, आणि प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक लिहिलेली पावती घ्यावी. '२० नग मिळाले' एवढीच पावती काही कामाची नाही.

काम दुसऱ्यावर सोपवले की जबाबदारीही गेली असे समजणाऱ्यांनी मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी कंपनीचे प्रकरण लक्षात घ्यावे. तिने जुने सर्व्हर आणि डिस्क काढण्याचे काम सामान हलवणाऱ्या कंपनीला दिले, जिला डेटा नष्ट करण्याचा अनुभव नव्हता. त्या डिस्क पुढे विकल्या गेल्या, काही ऑनलाइन लिलावात ग्राहकांच्या माहितीसकट पोचल्या, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीला त्यापायी साडेतीन कोटी डॉलर दंड भरावा लागला. सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या माहितीचा प्रश्न होता.

जुनाट_यंत्र यांच्याशी एका बाबतीत माझा मतभेद आहे, की चालू डिस्कही फोडावी असे त्यांच्यासारखे अनेक जण सुचवतात. नीट पुसून तपासलेली ५०० जीबीची डिस्क एखाद्या विद्यार्थ्याच्या यंत्रात आणखी काही वर्षे चालेल. ती भीतीपोटी फोडणे मला पटत नाही.

जुनाट_यंत्र

चालू डिस्क फोडा असे मी म्हटलेले नाही. पण 'नीट पुसून तपासलेली' यातले 'तपासलेली' किती लोक करतात, हे तुम्हीही जाणता.

नोंदवही

सर्वांचे आभार. एका साटा एसएसडीवर लिनक्सच्या एचडीपार्मने सिक्युअर इरेज देऊन पाहिले, तर ड्राइव्ह 'फ्रोझन' असल्याचे सांगून आज्ञा नाकारली जाते. ड्राइव्ह खराब आहे असे समजावे का?

शून्य_एक

ड्राइव्ह उत्तम आहे. एखाद्या व्हायरसने परस्पर ही आज्ञा देऊ नये म्हणून बायोस संगणक सुरू होतानाच ड्राइव्हला कुलूप घालते. लिनक्स चालू असतानाच संगणक झोपवावा, म्हणजे सस्पेंड करावा, आणि पुन्हा जागा करावा; बहुतेक यंत्रांवर जागे होताना हे कुलूप पडत नाही. मग एचडीपार्मच्या माहितीत 'नॉट फ्रोझन' दिसले की आज्ञा द्यावी. ती देण्यापूर्वी तात्पुरता पासवर्ड ठेवावा लागतो, तो अगदी साधा ठेवा आणि कागदावर लिहून ठेवा, कारण काम मध्येच तुटले तर ड्राइव्ह त्याच पासवर्डने बंद होतो. हे सगळे यूएसबी केसमधून करू नका, ड्राइव्ह थेट मदरबोर्डच्या साटा तारेला जोडा. त्याच माहितीत पुसण्यास लागणारी अंदाजे मिनिटेही दिलेली असतात. एसएसडीला तो आकडा बहुधा एक-दोनच असतो. त्यापेक्षा फार जास्त वेळ लागू लागला तरी वीज काढू नका, थांबून राहा.